वैद्याची पाटी आणि भ्रमणध्वनीचा पडदा

मुंबईच्या उपनगरांत चिकित्सा करणाऱ्या आपल्या वैद्य बंधू-भगिनींना आणि औषधालयांच्या चालकांना सध्या एकच प्रश्न सतावीत आहे. जुने रुग्ण निष्ठेने येतात, औषधे उत्तम प्रतीची आहेत, अनुभवही गाठीशी आहे. परंतु नवा रुग्ण दाराशी येण्यापूर्वी हातातील भ्रमणध्वनीवर शोध घेतो आणि तेथे आपले नाव त्यास सापडत नाही. सापडलेच तर वेळ चुकीची असते, पत्ता जुना असतो किंवा छायाचित्राच्या जागी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाचे दर्शन घडते. अशा वेळी एखाद्या एजन्सीचा प्रतिनिधी येतो, मासिक शुल्क सांगतो आणि 'फॉलोअर', 'लाइक', 'बूस्ट' अशा शब्दांचा वर्षाव करून जातो. काहीजण त्याच्या स्वाधीन होतात. काहीजण 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून पाठ फिरवितात. हे दोन्ही मार्ग आम्हांस मान्य नाहीत.

आमचे मत थोडक्यात असे आहे की, लहान चिकित्सालयाने आणि लहान औषधालयाने महाजालावर आपली ओळख द्यावी, दावा करू नये. ओळख देण्यास पैसा जवळजवळ लागत नाही. पैसा लागतो तो दाव्यांना. कारण दाव्याच्या बाजारात आपली गाठ कोट्यवधींच्या भांडवलाशी पडते. मोठी कंपनी देशभर जाहिरात करू शकते, पण मुलुंड स्थानकापासून पायी पाच मिनिटांच्या अंतरावर बसून नाडी पाहू शकत नाही. हे अंतर हेच आपले भांडवल आहे, आणि ते दाखविणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

शास्त्रातील इशारा

हा विषय नवा वाटला तरी त्याचा विचार आपल्या ग्रंथांनी फार पूर्वीच केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी छद्मचर वैद्य हा औषधांची भांडी, पोथ्या आणि बाह्य देखावा यांच्या बळावर वैद्य म्हणवून घेतो. एकोणतिसाव्या अध्यायात रोगाभिसर वैद्याचे वर्णन याहून बोलके आहे. वैद्याच्या वेषात तो रस्त्यांवरून हिंडतो, कोणी आजारी असल्याचे कानी पडताच तेथे धाव घेतो, रुग्णास ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचे गुण गातो आणि आधी उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष वारंवार दाखवितो.

आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फिरणाऱ्या कित्येक चित्रफिती पाहाव्यात आणि हे वर्णन पुन्हा वाचावे. गळ्यात रुद्राक्ष, मागे काचेच्या बरण्यांची रांग, समोर खलबत्ता आणि तोंडी 'ॲलोपॅथीने हात टेकले, आम्ही बरे केले' हे वाक्य! साधन नवे आहे, वृत्ती तीच आहे. दृश्य मांडणी ही आपल्या व्यवसायात पूर्वीपासून संशयाची बाब मानली गेली, त्यामागे हे कारण आहे. मांडणी सुंदर असण्यास शास्त्राची हरकत नाही. जे नाही ते असल्याचे भासविण्यास हरकत आहे.

कायद्याची चौकट

औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम हा १९५४ सालचा कायदा आपणां सर्वांस नावाने ठाऊक आहे. तथापि त्यातील 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या किती व्यापक आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. सूचना, परिपत्रक, वेष्टन, लेबल आणि अन्य कोणताही कागद यांबरोबरच तोंडी केलेली घोषणा, तसेच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही तीत येते. दूरचित्रवाणी आपल्या देशात पोहोचण्यापूर्वी लिहिलेल्या या व्याख्येत भ्रमणध्वनीचा उजळलेला पडदा सहज बसतो.

या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, स्थूलता, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, मूतखडा, संधिवात, श्वेतकुष्ठ, कर्करोग, स्त्रियांचे वंध्यत्व यांसह चोपन्न विकार आहेत. या विकारांवर अमुक औषध उपयुक्त आहे असे सूचित करणारी जाहिरात निषिद्ध आहे. आपल्याकडे नित्य येणाऱ्या रुग्णांचे किती तरी विकार या यादीत आहेत, हे लक्षात घ्यावे. कलम १४ ने नोंदणीकृत चिकित्सकास एक सवलत दिली आहे. अशा विकारांवर येथे उपचार केले जातात, अशी पाटी तो आपल्या जागेत लावू शकतो. मात्र ही सवलत जागेवरील पाटीपुरती आहे. तीच पाटी चित्ररूपाने शेकडो गटांत पाठविली तर तीस हीच सवलत मिळेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयात जे घडले ते ताजे आहे. पतंजली आयुर्वेद या संस्थेच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने दाखल केलेल्या प्रकरणात संस्थेला वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावी लागली. एप्रिल महिन्यातील सुनावणीत न्यायालयाने विचारले की, ही क्षमायाचना तुमच्या मूळ जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे काय? त्यानंतर दुसऱ्या दिवशी ती मोठ्या आकारात पुन्हा छापण्यात आली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने क्षमायाचना स्वीकारून अवमानाची कारवाई संपविली. मोठ्या संस्थेस पानभर क्षमायाचना परवडते. बोरिवलीच्या बाभईतील दीडशे चौरस फुटांच्या चिकित्सालयास विश्वास गमावणे परवडत नाही.

परंतु कायद्याच्या भयाने हा लेख लिहिलेला नाही. कायदा बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. 'मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या-इंजेक्शन बंद' असे चित्र वाचून एखाद्या टाइप-१ मधुमेहाच्या मुलाच्या पालकांनी इन्सुलिन थांबविले, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते. ते चित्र ज्याने पाठविले त्यास हा रुग्ण कधी दिसणारही नाही. समोर बसलेल्या रुग्णास आपण वय, बल, अग्नी, चालू औषधे पाहून सल्ला देतो. पडद्यावरील वाक्यास ही सोय नाही. ते सर्वांस सारखेच वाचावयास मिळते. म्हणून तेथे लिहावयाचे वाक्य सर्वांच्या दृष्टीने निरुपद्रवी असले पाहिजे.

उपनगराचा भूगोल आणि विनामूल्य नोंद

आता करावयाचे काय, याकडे वळू. पहिले काम गूगलच्या नकाशावरील व्यवसाय-नोंद हे होय. ती विनामूल्य आहे. 'जवळचे आयुर्वेदिक डॉक्टर' असा शोध घेणाऱ्यास प्रथम हीच नोंद दिसते. तिच्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळाची आवश्यकता नाही.

नोंदीतील नाव पाटीवर आहे तसेच असावे. 'अमुक आयुर्वेद, मूळव्याध-सांधेदुखी-केसगळती तज्ज्ञ, अंधेरी' अशी शेपटी जोडण्यास गूगलच्या नियमांचीच मनाई आहे. कोणी तक्रार केल्यास नोंद स्थगित होऊ शकते. नावाखाली पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक द्यावा. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, हमखास इलाज' अशी पत्रके चिकटविणाऱ्या मंडळींकडे हा क्रमांक नसतो. तो ठळक देणे ही आपली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी जाहिरात आहे.

पत्त्याच्या बाबतीत उपनगराचा स्वभाव ध्यानात घ्यावा. येथे 'घाटकोपर' एवढे लिहिणे अपुरे आहे. रेल्वेमार्गाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाणे हे गुडघेदुखीच्या रुग्णास संकटच असते. म्हणून पूर्व की पश्चिम हे प्रथम लिहावे. २०१४ पासून घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो आणि २०२२ पासून अंधेरी, दहिसर या पट्ट्यातील मेट्रो सुरू झाल्याने रुग्ण आता दूरच्या उपनगरांतूनही येऊ शकतो. त्याला कोणत्या स्थानकावर उतरावे, कोणत्या बाजूने बाहेर पडावे, इमारतीस उद्वाहक आहे की जिने चढावे लागतील, हे सांगणारी तीन ओळींची सूचना दहा घोषवाक्यांपेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

या नोंदीचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते पुनर्विकासाच्या काळात. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी येथील जुन्या सोसायट्या एकामागोमाग पाडल्या जात आहेत. तळमजल्यावर वीस-पंचवीस वर्षे असलेले चिकित्सालय अचानक दोन गल्ल्या पलीकडे तात्पुरत्या जागेत जाते. भिंत गेली की पाटी जाते, आणि पत्र्याच्या कुंपणाशी येऊन रुग्ण परत फिरतो. अशा वेळी नवी नोंद करू नये. जुन्याच नोंदीतील पत्ता बदलावा, म्हणजे वर्षानुवर्षांचे अभिप्राय कायम राहतात. इमारत पाडण्याची तारीख कळताच हे काम हाती घ्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. ही नोंद, व्हॉट्सॲपचे व्यावसायिक खाते आणि ई-मेल ही तिन्ही चिकित्सालयाच्या मालकाच्या नावे असावीत. मदतनिसाच्या, भाच्याच्या किंवा एजन्सीच्या क्रमांकावर उघडलेले खाते ती व्यक्ती निघून गेल्यावर परत मिळविणे अवघड जाते. डीटीपी करणाऱ्याकडून बोधचिन्ह करून घेतल्यास त्याची मूळ फाइलही मागून घ्यावी. केवळ छापील कार्ड हाती असले की पुढील वेळी सर्व खर्च नव्याने करावा लागतो.

अभिप्राय विकत घेऊ नयेत आणि त्यांच्या मोबदल्यात सवलतही देऊ नये. गूगल हे निषिद्ध मानते, आणि आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेसही ते शोभत नाही. प्रतिकूल अभिप्राय आल्यास उत्तर थोडक्यात व सभ्य भाषेत द्यावे. 'आपण पथ्य पाळले नाही' असे जाहीरपणे लिहिणे म्हणजे रुग्णाची गुप्तता मोडणे होय. 'आपण प्रत्यक्ष भेटावे अथवा फोन करावा' एवढे पुरेसे आहे. रुग्णाचे उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र लावण्याचा मोह अनेकांना होतो. चेहरा झाकला तरी आमचा सल्ला ते न लावण्याचाच आहे. आरोग्याची माहिती ही रुग्णाची आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा रोखही संमतीवरच आहे. बरे वाटल्याच्या आनंदात दिलेली तोंडी संमती वर्षभराने मुलीचे लग्न ठरताना तशीच राहील, याची खात्री कोण देईल?

अक्षर, रंग आणि मोकळी जागा

दृश्य मांडणी म्हणजे सजावट, असा समज दृढ आहे. त्यातून भगवा, हिरवा आणि सोनेरी रंग, कोपऱ्यात धन्वंतरी, मध्ये तुळशीचे पान, खाली खलबत्ता आणि उरलेल्या जागेत विकारांची यादी, असा फलक तयार होतो. त्यावर वाचता न येणारी एकमेव गोष्ट म्हणजे फोन क्रमांक!

अक्षराचे सामर्थ्य काय असते, हे शिकण्यास आपल्याला उपनगराबाहेर जाण्याचे कारण नाही. २०२० साली दिवंगत झालेले ज्येष्ठ अक्षरकार कमल शेडगे हे मुलुंडचेच. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी त्यांनी रेखाटलेली शीर्षके आठवावीत. अरुंद रकान्यातील लहानशी चौकट, काळी शाई आणि नाटकाचे नाव, एवढ्यावर वाचकास ते नाटक विनोदी की ऐतिहासिक हे कळत असे आणि नजर बरोबर त्या चौकटीवर थांबत असे. जागा थोडी, खर्च थोडा आणि अक्षर नेमके. लहान व्यावसायिकास यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट असंख्य संगणकांवर पोहोचला. त्यानंतरच्या पिढीत मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. ते व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात. म्हणजे चांगले मराठी अक्षर मिळविण्यास आज एक पैसाही लागत नाही. असे असता रोमन लिपीत मराठी लिहून रुग्णास कोड्यात टाकण्याचे कारण काय? २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दुकानावरील पाटी मराठी झाली. पडद्यावरील पाटीही त्याच अक्षरात असावी.

काही साधे नियम सांगतो. एकच फॉन्ट आणि दोनच रंग निवडावेत आणि पाटी, केसपेपर, पिशवी, पुडीचा कागद व पडद्यावरील चित्र या सर्वांवर तेच ठेवावेत. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे दोन ओळींतील अंतर रोमनपेक्षा अधिक ठेवावे लागते, नाहीतर 'कु' आणि खालच्या ओळीतील 'कि' एकमेकांत अडकतात. अक्षरे आडवी-उभी ताणू नयेत. फिक्या हिरव्यावर पांढरे किंवा लालवर हिरवे लिहू नये. चित्र तयार झाले की भ्रमणध्वनी हातभर अंतरावर धरून, चष्मा न लावता, साठीच्या माणसाकडून ते वाचवून घ्यावे. त्याला वेळ, पत्ता आणि क्रमांक वाचता आले तर चित्र चांगले. न आले तर धन्वंतरी कितीही तेजस्वी असला तरी ते वाईट.

छायाचित्रांसाठी छायाचित्रकार बोलाविण्याची गरज नाही. सकाळच्या नैसर्गिक उजेडात, साध्या भ्रमणध्वनीने चार छायाचित्रे काढावीत: रस्त्यावरून दिसणारे प्रवेशद्वार, पाटी, रुग्णांची बसण्याची जागा आणि वैद्य. महाजालावरून उचललेली हिमालयाची आणि परदेशी तरुणीच्या शिरोधारेची चित्रे लावू नयेत. रुग्ण हिमालयात येणार नसून झवेर रोडवर येणार आहे.

आकाराच्या मोहाविषयी एक शब्द. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर पूर्वेस छेडानगर येथे पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक वादळी वाऱ्यात कोसळला आणि सतरा माणसांनी प्राण गमावले. महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची असताना हा फलक सुमारे एकशेवीस फुटांचा होता. ही दुर्घटना जाहिरातशास्त्राचा दाखला म्हणून वापरण्याची नाही. परंतु अधिकाधिक मोठे दिसण्याची शर्यत नगराला कोठवर नेते, हे तिने दाखविले. लहान व्यावसायिकाने त्या शर्यतीत नसणे हे कमीपणाचे नाही.

औषधालयांच्या चालकांसाठी

आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस ॲलोपॅथिक औषधांप्रमाणे स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे दुकानाची विश्वासार्हता ग्राहकास केवळ मालावरून ठरवावी लागते. म्हणून आमची सूचना अशी की, डबीच्या पुढील बाजूऐवजी मागील बाजूचे छायाचित्र आधी दाखवावे. उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा व मुदत संपण्याचा दिनांक आणि घटकद्रव्यांची यादी तेथे असते. ही माहिती स्पष्ट वाचता येईल असे छायाचित्र लावणारे दुकान आपोआप वेगळे दिसते. सुट्या काष्ठौषधींच्या बाबतीत मराठी नाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उपयुक्त अंग, ही तीन नावे लिहावीत. शतावरी म्हणून काय विकले जाते आणि अशोकाच्या नावाखाली कोणती साल येते, हे आपण जाणतोच.

अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये, म्हणजे वत्सनाभ, कुचला, भल्लातक, पारद, हरताळ इत्यादी, ज्या औषधांत आहेत ती व्हॉट्सॲपच्या यादीत लावूच नयेत. अशी औषधे महाजालावर विकताना नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घेतलीच पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये विक्री करणाऱ्या मंचांना बजाविले आहे. शेजारच्या वैद्याची चिठ्ठी पाहून औषध देणारे दुकान हेच वैद्याचेही हित जपते.

सहा ऋतुसंधी, सहा संदेश

व्हॉट्सॲपचे व्यावसायिक ॲप २०१८ पासून आपल्याकडे विनामूल्य मिळते. त्यात वेळ, पत्ता, सुटीच्या दिवशी आपोआप जाणारे उत्तर आणि रुग्णांच्या वर्गवारीची सोय आहे. एवढे सारे सोडून आपण त्याचा उपयोग रोज सकाळी फुलांचे चित्र पाठविण्यासाठी करतो, आणि रुग्ण आपला क्रमांक मूक करून ठेवतो.

किती संदेश पाठवावेत, याचे उत्तर आपल्या ऋतुचर्येतच आहे. मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि उगवत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. वर्षाला असे सहा संधी. या सहा वेळी प्रत्येकी एक संदेश पाठविला तर तो वाचला जातो आणि जपून ठेवला जातो. 'कालनिर्णय' १९७३ पासून मराठी घराच्या भिंतीवर वर्षभर टिकून राहिले, कारण ते उपयोगी होते; घरातल्या माणसास ते रोज पाहावे लागे. संदेश तसा असावा.

नमुन्यादाखल वर्षाऋतूच्या आरंभीचा संदेश असा लिहिता येईल: 'पावसाळ्यात अग्नी मंदावतो. जेवण ताजे, गरम व हलके घ्यावे. पाणी उकळून प्यावे. मधुमेह, रक्तदाब यांची चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. चिकित्सालय रविवारी बंद. मुसळधार पावसाच्या दिवशी येण्यापूर्वी फोन करावा.' यात एकही दावा नाही, तरी वाचणाऱ्यास कळते की हा वैद्य जबाबदार आहे.

हीच पद्धत चित्रांसही लावावी. 'मधुमेहावर शंभर टक्के खात्री' या ओळीच्या जागी 'मधुमेहाच्या रुग्णांनी येताना अलीकडील रक्ततपासणीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी आणावी' ही ओळ घालून पाहावी. पहिली ओळ कोणीही लिहू शकतो. दुसरी ओळ तोच लिहितो जो खरोखर रुग्ण तपासतो.

दोन आक्षेप

आमचे ज्येष्ठ म्हणतील, वैद्याने जाहिरात करूच नये. यश आपोआप पसरते. यश आजही तोंडीच पसरते, हे खरे. परंतु शेजारणीने नाव सांगितल्यावर रुग्ण ते नाव भ्रमणध्वनीवर टाकून पाहतो, आणि तेथे काहीच न दिसल्यास शेजारच्या नावावर बोट ठेवतो. आपण मौन पाळले तर ती जागा रिकामी राहत नाही. ती छद्मचराच्या हाती जाते.

तरुण सहकारी म्हणतील, सगळे दावे करतात, आम्ही एकट्यानेच संयम पाळला तर भाडे कोठून भरावे? अंधेरीत जागेचे भाडे काय आहे, हे आम्ही जाणतो. त्यामुळे हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु हिशेब पूर्ण मांडावा. दाव्याने येणारा रुग्ण मुदत ठरवून येतो. तिसऱ्या आठवड्यात चमत्कार दिसला नाही की तो जातो आणि चार जणांना सांगतो. त्याच्या जागी नवा आणण्यास पुन्हा बूस्टचे पैसे द्यावे लागतात. ओळखीने येणारा रुग्ण सावकाश वाढतो, पण आईला आणतो, मुलाला आणतो. उपनगरातील वैद्यकी ही कुटुंबांवर चालते.

संघटनेकडून अपेक्षा

हे काम प्रत्येकाने एकट्याने करण्याऐवजी आपल्या संघटनेने पुढाकार घ्यावा. पहिली गोष्ट, खुल्या मराठी फॉन्टमध्ये पाटी, केसपेपर आणि सहा ऋतुसंदेश यांचे समान नमुने तयार करून ते सर्व सभासदांना विनामूल्य द्यावेत. नाव, वेळ, पत्ता एवढेच ज्याने-त्याने भरावे. दुसरी, विभागवार एका रविवारी बैठक घेऊन ज्यांना जमत नाही त्यांची नकाशावरील नोंद तेथेच करून द्यावी. तरुण सभासदांनी ज्येष्ठांच्या शेजारी बसावे. तिसरी, एकपानी आचारसंहिता ठरवावी: विकार बरा करण्याची हमी नाही, रुग्णाचे छायाचित्र नाही, अन्य पॅथीची वा सहकाऱ्याची निंदा नाही, नोंदणी क्रमांकाशिवाय चित्र नाही. एखाद्या सभासदाचे चित्र या मर्यादेबाहेर गेले तर शासनाकडे तक्रार जाण्याआधी संघटनेतील ज्येष्ठाचा फोन त्याच्याकडे जावा.

२०२५ पासून आयुर्वेद दिन दरवर्षी २३ सप्टेंबर रोजी साजरा होतो. त्या दिवशी शुभेच्छांची चित्रे फिरविण्याऐवजी प्रत्येक सभासदाने आपली नोंद उघडून वेळ, पत्ता, फोन आणि छायाचित्रे तपासून घ्यावीत, असा संकेत पाडावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. सभासदांनी या सूचनांवरील आपली मते, विशेषतः प्रतिकूल मते, पुढील अंकापूर्वी कळवावीत, अशी विनंती आहे. ज्यांच्या इमारती पुनर्विकासात आहेत त्यांनी मात्र पुढील अंकाची वाट न पाहता आजच आपला पत्ता दुरुस्त करून घ्यावा.